पिलॉननंतर आरआरएनए ऑपेरॉन (रायबोसोमच्या आरएनएच्या जीन्सचा गट) बिघडले. पॉलिशिंग (जोडलेल्या जीनोममधल्या चुका दुरुस्त करणं) कसं करावं?

प्रश्न: ई. कोलाय जीवाणू, नॅनोपोअर रीड (यंत्राने वाचलेले डीएनएचे लांब तुकडे). फ्लाय या असेंबलरने साधारण 46 लाख बेसचं एकच सर्क्युलर काँटिग (रीड जोडून बनलेला सलग क्रम) दिलं, त्यावर मेडाका (नॅनोपोअर रीडने पॉलिश करणारा प्रोग्राम) झालं. तरी अ‍ॅनोटेशनमध्ये (जीन्स ओळखून खुणा करताना) बरीच जीन्स मधेच तुटलेली दिसतात. त्याच डीएनएचे 150 बेसचे पेअर्ड (जोडीतले, आर1 आणि आर2) इल्युमिना रीड आहेत, 60एक्स (प्रत्येक बेस सरासरी 60 वेळा वाचलेला). त्यांनी पॉलिश करणारा पिलॉन प्रोग्राम तीनदा चालवला, तर आरआरएनए ऑपेरॉनमध्ये नवेच बदल झाले. काय चुकतंय?

उत्तर 1: तुटलेली जीन्स बहुधा होमोपॉलिमरमुळे, म्हणजे एकच बेस सलग येतो त्या जागांमुळे. सलग आठ ‘जी’ असले की कधी सातच मोजले जातात. एक बेस गेला की फ्रेम (तीन-तीन बेसचं वाचन) सरकते आणि थोडं पुढे स्टॉप कोडॉन (जीन संपल्याची खूण) लागतो.

पिलॉनचा घोटाळा वेगळा आहे. ई. कोलायमध्ये हे ऑपेरॉन सात, प्रत्येक सुमारे पाच हजार बेसचा, जवळजवळ सारखे. 150 बेसचा रीड अनेक ठिकाणी तितकाच चपखल बसतो, अलाइनर (रीड जीनोमवर बसवणारा प्रोग्राम) त्यातली एक जागा कशीही निवडतो. चुकीची जागा मिळालेले रीड मग खरा फरकच पुसून टाकतात. पिलॉनचं काँटिग सरळ टाकून द्या, मेडाकाच्या काँटिगपासून पुन्हा सुरुवात करा आणि पॉलीपॉलिश हा पॉलिशर वापरा. बीडब्ल्यूए मेम या अलाइनरला ‘उणे ए’ (-a) हा पर्याय द्यायचा, म्हणजे रीडच्या सगळ्या जागा मिळतात. आर1 आणि आर2 वेगवेगळे अलाइन करा, कारण जोडीने दिले तर ‘उणे ए’ लागू पडत नाही. अलाइनमेंटची सॅम फाइल सॉर्ट करू नका! एका रीडची अलाइनमेंट सलग ओळींत असावी लागतात. आधी पॉलीपॉलिशचं फिल्टर, मग पॉलिश.

उत्तर 2: त्यानंतर पायपोल्का हा दुसरा पॉलिशर, पण ‘केअरफुल’ (सावध) पर्याय लावूनच. इल्युमिना 25एक्सच्या खाली असतं, तर पॉलीपॉलिशलाही तोच पर्याय लावायला सांगितलं असतं.

मेडाका कोणत्या मॉडेलने चालवलं? ई. कोलायमध्ये डीसीएम मिथायलेशन (बेसला मिथाइल गट जोडलेला) असतं, सीसीएजीजी आणि सीसीटीजीजी या जागी. तिथे बेस चुकीचा वाचला जाऊ शकतो, म्हणून बॅक्टेरियासाठीचं वेगळं मॉडेल घ्या.

उत्तर 3: काँटिगच्या दोन टोकांवर रीड अर्धवट बसतात, तिथल्या चुका सुटतात. डीएनएएपलर या प्रोग्रामने काँटिगची सुरुवात डीएनए-ए जीनवर आणा, म्हणजे जुना सांधा मधे येईल. मग पॉलिश करा. शिवाय न बसलेले इल्युमिना रीड बाजूला काढून वेगळे असेंबल करून पाहा. फ्लायमधून छोटे प्लाझ्मिड (मुख्य गुणसूत्राबाहेरचे डीएनएचे छोटे गोल) निसटतात, आणि त्यांचे रीड तिथेच सापडतात.