मदत हवी आहे: साथीच्या काळासाठी चर्चच्या मंडळीचा आराखडा कसा करावा?

साथ आल्यास काय करायचे याचा एक पानी आराखडा तयार करण्याचे काम आमच्या मंडळीच्या पंचकमिटीने माझ्याकडे सोपवले आहे. पहिला मसुदा वाचून पाहिला, तेव्हा त्यात सॅनिटायझर, फिनाइल आणि बाकांमधले अंतर यांखेरीज फारसे काही नव्हते. मागील खेपेस आम्ही अडलो ते निराळ्याच ठिकाणी, म्हणून हे काम प्रत्यक्ष केलेल्यांचे मार्गदर्शन हवे आहे.

पहिला पेच उपासनेचा. मार्च २०२० मध्ये अमेरिकेतील माउंट व्हर्नन येथे एका चर्चमध्ये गायकवृंदाचा अडीच तास सराव झाला; हजर ६१ जणांपैकी ५३ जण आजारी पडले आणि दोघे दगावले. दाराशी सॅनिटायझर होते, हस्तांदोलनही टाळले होते. म्हणजे रोग हवेतून पसरणारा असेल तर खिडक्या उघडणे आणि सामूहिक गायन थांबवणे महत्त्वाचे. उलट जुलाब-उलट्यांची साथ असेल तर साबण-पाणी हवे, कारण नोरोव्हायरससारख्या विषाणूवर अल्कोहोलचे सॅनिटायझर फारसे चालत नाही. आपण रोगाच्या प्रसारमार्गानुसार वेगवेगळी पाने ठेवता का? प्रभुभोजनाच्या विधीत सर्वांनी एकाच प्याल्यातून पिणे कोणत्या टप्प्यावर बंद करता, आणि तो निर्णय एकटे पाळक घेतात की कमिटी? आमच्याकडे हे शनिवारी रात्री अकरा वाजता फोनाफोनी करून ठरले आणि सकाळी निम्मी मंडळी बंद दाराशी उभी होती.

मंडळीतील एका वडिलांचे (एल्डरचे) म्हणणे असे की दार बंद करणे हा अविश्वास होय. त्यांना मी १५२७ च्या जर्मनीतील विटेनबर्गचा दाखला दिला: प्लेगमध्ये ख्रिस्ती धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर रुग्णांच्या सेवेसाठी गावातच राहिला, मात्र गरज नसेल तेथे जाऊन संसर्ग पसरवू नये, असेही त्याने लिहिले. ते गप्प बसले. पटले की नाही, कोण जाणे.

खरी चूक मात्र मला रजिस्टरमध्ये सापडली. आमची नोंद कुटुंबप्रमुखाच्या नावाने असते, त्यामुळे एकटे कोण राहते हे त्यातून कळतच नाही. अकरा वृद्धांच्या नावापुढे लिहिलेला मोबाईल क्रमांक परगावी राहणाऱ्या मुलाचा निघाला. त्या वेळी एक आजी तापाने पडून होत्या आणि आम्हाला चौथ्या दिवशी समजले. आता दर पाच-सहा घरांमागे एक फोन करणारा नेमावा असा विचार आहे, परंतु कोण आजारी आहे ही माहिती त्याने कोणाला सांगावी आणि कोणाला सांगू नये, याचा नियम कसा लिहावा?

अंत्यविधीबाबतही अनुभव हवा आहे. पश्चिम आफ्रिकेतील इबोलाच्या साथीत २०१४ साली जागतिक आरोग्य संघटनेने धर्मगुरूंच्या सल्ल्याने सुरक्षित व सन्मानपूर्वक दफनाच्या सूचना तयार केल्या. मृतदेहाला स्पर्श न करताही प्रार्थना आणि कुटुंबाचा निरोप यांना त्यांत जागा होती. असे काही आपण आधीच लिहून ठेवले आहे का?

तयार नमुना असल्यास त्यातील नावे काढून येथे द्यावा. कमिटीची बैठक येत्या रविवारी उपासनेनंतर आहे.