महिंद्रा युनायटेड एवढं जिंकत होती तरी बंद का केली?

सोलापूरकर_१०
नमस्कार मंडळी, मी इथं सोलापुरात पोरांना फुटबॉल शिकवतो. परवा एकानं विचारलं, सर, मुंबई सिटीच्या आधी महाराष्ट्रातली कुठली टीम देशाची लीग जिंकलेली का? मी महिंद्रा कंपनीची मुंबईतली टीम, महिंद्रा युनायटेड सांगितलं, २००५-०६ ची नॅशनल लीग, वर त्याच सीझनला फेडरेशन कप. लगेच पुढचा प्रश्न, मग आता ती टीम कुठंय? २०१० ला बंद झाली म्हणालो, तर पोरगं एकदम गप्प झालं. जिंकणारी टीम कोण बंद करतं ओ? नीट कारण सांगा कुणीतरी.

कूपरेज_स्टँड
मी तेव्हा नोकरीला मुंबईत होतो, कूपरेज मैदानावर मॅच बघायला जायचो. डेरिक परेरा कोच, पुढं बारेटो आणि याकूबू, आता भारताचा कोच झालेला खालिद जमील पण त्याच टीममधला. काय खेळायचे राव! २००७ ला एएफसी कपच्या, म्हणजे आशियातल्या क्लबांच्या स्पर्धेच्या, क्वार्टर फायनलपर्यंत गेले. पण कोलकात्याचं मोहन बागान आलं की स्टँडमध्ये आवाज बागानचाच, आमच्या बाजूला कंपनीचे लोक आणि माझ्यासारखे चार वेडे. तिकिटाचे पैसे नाहीत, टीव्हीचे नाहीत, ग्राउंड स्वतःचं नाही, म्हणजे सगळा पगार कंपनीच्याच खिशातून. मग कंपनीनं ठरवलं की त्यापेक्षा शाळकरी पोरांच्या फुटबॉलवर खर्च करू. ट्रॉफ्या कितीही आणा, हिशेबात तो खर्चच दिसतो.

हुतात्मा_एक्स्प्रेस
एकटी महिंद्राच नाही. पंजाबातल्या फगवाड्याची जेसीटी मिलची टीम, १९९६-९७ ची पहिलीच नॅशनल लीग जिंकलेली, २०११ ला बंद. पुणे एफसी तर आपल्या जवळची, अशोक पिरामल ग्रुपनं २००७ ला काढली, २०१२-१३ ला आय-लीगमध्ये (नॅशनल लीगच्या जागी आलेली लीग) दुसरी आली, अकॅडमी एक नंबर होती. मी बालेवाडीला मॅच बघून रात्री सोलापूरला परत यायचो. २०१४ ला आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग ही नवी लीग आली, प्रायोजक, टीव्ही सगळं तिकडं गेलं, आणि दोनेक वर्षांत ती पण संपली. फार वाईट वाटलं.

जुनी_मिल_काका
कंपनीला सरसकट दोष देऊ नका. मुंबईत हारवूड लीगला टाटा, मफतलाल, ऑर्के, एअर इंडिया अशा कंपन्यांच्या टीम खेळायच्या तेव्हा पोराला टीमबरोबर नोकरी मिळायची, गुडघा गेला तरी घर चालायचं. आपल्याकडं मिल बंद पडल्यावर काय होतं ते सोलापूरकरांना वेगळं सांगायला नको. आणि टाटांची जमशेदपूरची अकॅडमी १९८७ पासून आहेच की. माझं म्हणणं एवढंच, क्लबला सभासद पाहिजेत. बागान, ईस्ट बंगालला पैसेवाले आले, गेले, क्लब राहिला कारण मागं माणसं होती. महिंद्राच्या मागं फक्त कंपनी होती.

सोलापूरकर_१०
काका, पटलं. रविवारी पोरांना हेच सांगतो. कुणाकडं त्या २००५-०६ सीझनच्या मॅचचा व्हिडिओ असेल तर टाका इथं, पोरांना बारेटो दाखवायचाय.