मदत हवी आहे: लाख भरलेल्या चांदीच्या गोटाचा साचा, नागपुरात

नमस्कार मंडळी. मी दागिने घडवते. विदर्भातल्या जुन्या चांदीवर आधारित नवी मालिका करतेय. त्यासाठी आजीच्या गोटाचा (मनगटातल्या कड्याचा) साचा हवाय. गोट आतून पोकळ, लाख भरलेला. वर हाताने मारलेले ठसे, एका बाजूला मनगटाच्या घर्षणाने गुळगुळीत झालेले. मला ती झीजसुद्धा हवी आहे.

इतवारीच्या सराफ्यात विचारून झालं. बहुतेकांचा सल्ला एकच: 'वितळवा, नवा करून देतो.' (तो आजीसमोर म्हणून बघा!) एक कास्टिंगवाले तयार आहेत, पण त्यांच्याकडे फक्त गरम रबराचा साचा. तो साधारण १५० अंशांना शिजतो, आणि लाख त्याच्या निम्म्या तापमानालाच मऊ पडते. फोटोवरून कॅड (संगणकावरचं डिझाइन) करून पाहिलं. आकार आला, ठसे मेले.

गोट कापायचा नाही, लाख काढायची नाही, कुरियरनेही पाठवायचा नाही. समोर बसून काम होणार असेल तर वर्ध्यापर्यंत येईन. नग सहाच, ९२५ (९२.५ टक्के शुद्ध) चांदीत. ओतकाम दुसरीकडे करून घेईन, खर्चाचं बोलता येईल.

थंड सिलिकॉनचा साचा किंवा ठसे नीट पकडणारं थ्रीडी स्कॅनिंग इकडे कोण करतं? आणि सिलिकॉनने जुन्या चांदीवरचा काळपटपणा निघतो का, कोणी करून पाहिलंय?