किनगाइतची चित्रं कुठे असावीत?
‘चित्रं गावाबाहेर नेली की वारसा संपलाच’ असं काही जण म्हणतात, पण ते मला पुरतं पटत नाही. कॅनडाच्या आर्क्टिकमधलं किनगाइत, म्हणजे पूर्वीचं केप डॉर्सेट, हे इनुइट (आर्क्टिकमधले मूळ रहिवासी) लोकांचं गाव घ्या. १९५९ पासून तिथली सहकारी संस्था दगडात कोरलेल्या ठशांवरून छापचित्रं काढते. तिथल्या चित्रकार केनोजुआक अशेवाक यांचं १९६० मधलं घुबडाचं छापचित्र तर १९७० मध्ये टपाल तिकिटावर झळकलं. या छापचित्रांची मूळ रेखाटनं मात्र आगीच्या भीतीने टोरांटोजवळच्या मॅकमायकल संग्रहालयात हलवली. सुरक्षित राहिली, हे खरंच. पण आजीचं चित्र बघायला नातवाने विमान पकडायचं का? (तिथवर रस्ताच नाही!) स्कॅनिंगने थोडं भागतं. २०१८ मध्ये गावातच उघडलेलं केनोजुआक सांस्कृतिक केंद्र मला त्याहून मोलाचं वाटतं, कारण तिथे छपाई अजून चालू आहे.