बे विंडोला पडद्याचा रॉड कोपऱ्यात कसा जोडायचा? (सोलापूर, बजेट ३०००)

दिवाणखिडकी:
नमस्कार मंडळी. विजापूर रोडला घर बांधलंय, अक्षय्य तृतीयेला वास्तुशांत आहे. हॉलला पश्चिमेकडे बे विंडो, म्हणजे भिंतीच्या बाहेर काढलेली खिडकी, केली आहे. तीन बाजू: मधली ६ फूट, कडेच्या दोन्ही २ फूट ३ इंच. आत बसायला ग्रॅनाइटचा ओटा केलाय, सासूबाईंची दुपारची जागा तीच ठरली आहे.

जुन्या घरातले चार पडदे आहेत, आयलेटचे, म्हणजे वर स्टीलच्या गोल रिंगा ठोकलेले. प्रत्येक साडेचार फूट रुंद. कापड चांगलं आहे, ते टाकायचे नाहीत. १ इंची स्टीलचा रॉड तिन्ही बाजूंनी सलग फिरवायचा विचार आहे. हार्डवेअरच्या दुकानात काटकोनाचाच एल्बो मिळतोय आणि आमचा कोपरा काटकोनापेक्षा उघडा आहे. जोड कसा द्यायचा? पडदा कोपऱ्यावरून सरकेल का? रॉड, ब्रॅकेट आणि मजुरी धरून ३००० च्या आत बसवायचं आहे.

कडकभाकरी:
ताई, रॉडच्या भानगडीत पडूच नका. आम्ही जुळे सोलापूरच्या घरी मोटरचे पडदे बसवले. रिमोट दाबला की तिन्ही बाजू एकदम बंद. खर्च ४०,००० च्या घरात गेला, पण पाहुणे आले की आधी तेच बघतात. घर एकदाच बांधतो माणूस, इथं हात आखडू नका.

बाळीवेसकर:
छताला ॲल्युमिनियमचा चॅनल मारा, विषय संपला. चॅनल कोपऱ्यात गोलाईनं वाकवून मिळतो, आतून रनर पळतात, मध्ये ब्रॅकेट आडवा येत नाही. पडदा या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो. बे विंडोला दुसरं काही शोभतच नाही.

दिवाणखिडकी:
धन्यवाद दादा, पण पडदे आयलेटचे आहेत. चॅनलला हुकाचे लागतात ना?

बाळीवेसकर:
रिंगांची पट्टी कापून टाका, वर चुण्यांची टेप शिवून घ्या. टेलर दिवसात देतो.

शेंगाचटणी:
पट्टी कापली की पडदा चार-पाच इंच आखूड होतो, दादा. तळाला दुमड सोडलेली नसेल तर ओट्याच्या वरच लोंबत राहील. माझ्या मावशीकडं असंच झालं. टेलरनं आधी काही सांगितलं नाही, कापल्यावर म्हणाला “आता खाली झालर लावू”. झालर लावली, पण रंग जुळला नाही ते नाहीच.

टेक्सटाईल_अण्णा:
मी वेगळंच सांगतो. सोलापुरात राहता आणि पडदे बाहेरच्या कापडाचे? आपल्या चादरीचं जाड जेकार्ड कापड घ्या आणि पडदे शिवा. दोन्ही बाजूंनी नक्षी दिसते, आतून एक रंग तर बाहेरून उलटा. रस्त्यावरून बघणाऱ्यालाही पडद्याची पाठ दिसत नाही. पश्चिमेचं ऊन असं अडतं की दुपारी तीनला दिवा लावावा लागेल. या चादरीला भौगोलिक मानांकन आहे, आणि आपण ती नुसती पाहुण्यांना भेट देण्यापुरती ठेवलीय. आमच्या घरी तीन पिढ्या माग चालले, मला याचं वाईट वाटतं म्हणून लिहिलं.

पत्रातालीम_बॉय:
अण्णा कापडाला तोड नाय, पण वजन बघा की. चादरीचा पडदा पाऊण इंची पातळ पाइपवर टांगला तर पाइप मधोमध खाली येतोय. एक इंची घेतला तरी मध्ये सपोर्ट पाहिजेच. आणि ताईकडं पडदे हायत, त्या रॉडबद्दल विचारतायत.

टेक्सटाईल_अण्णा:
सपोर्ट द्या ना मग. कापडाचा काय दोष त्यात.

हडपसर_व्हाया_सोलापूर:
काटकोनाचा एल्बो परत करा. हवा तसा कोन करता येणारे जोड मिळतात, मध्ये बिजागरीसारखा सांधा असतो आणि दोन्ही बाजूंना पाइप आत घालून बारीक स्क्रूनं आवळायचा. सोलापुरात दुकानात नसेल तर ऑनलाइन मागवा. मागवताना पाइपचा बाहेरचा व्यास मिलिमीटरमध्ये बघा. दुकानदार ज्याला एक इंची म्हणतो तो २५ मिमी असतो किंवा २५.४, पण कधी कधी २२ चाच निघतो. सैल बसला तर जोड खुळखुळतो.

पडदा मात्र या जोडावरून सरकणार नाही. आयलेट सांध्याच्या गाठीला अडकतं, आणि ते नाही अडकलं तरी ब्रॅकेटला अडकणारच, कारण आयलेट पूर्ण बंद रिंग असते. माझी बहीण इंग्लंडला असते. तिकडं व्हिक्टोरियन काळातल्या घरांना बे विंडो सर्रास असतात, म्हणून तिथं तोंड कापलेल्या रिंगा आणि पाइपला फक्त मागून धरणारे ब्रॅकेट मिळतात. रिंग ब्रॅकेटवरून निघून जाते. पण त्या रिंगांना खाली हुकाचा पडदा लागतो. तुमच्या पडद्यांना त्याचा उपयोग नाही.

निवृत्त_ओव्हरसिअर:
वरच्या सगळ्यांनी सामान सांगितलं, माप कोणी सांगितलं नाही. बे विंडोचा रॉड मापात फसतो, सामानात नाही.

पहिलं म्हणजे कोन. तो १३५ अंश आहे असं गृहीत धरू नका. नकाशात असतो, पण प्लास्टरची जाडी कमी-जास्त झाली की भिंतीवर राहत नाही. जाड पुठ्ठा घ्या. ब्रॅकेट ज्या उंचीवर बसणार आहे तिथंच कोपऱ्यात धरा आणि कात्रीनं छाटत छाटत नेमका बसवा. डावा आणि उजवा कोपरा वेगळा, दोन पुठ्ठे करा, त्यावर लिहून ठेवा. जोड आवळताना हेच पुठ्ठे खाली ठेवून कोन लावायचा.

दुसरी गोष्ट महत्त्वाची आहे आणि नव्वद टक्के फिटर तिथंच पाइप वाया घालवतात. रॉड भिंतीला चिकटून जात नाही. ब्रॅकेट त्याला भिंतीपासून साधारण ३ इंच खोलीच्या बाजूला आणतो. म्हणजे रॉडचा आकार भिंतीच्या आकारापेक्षा लहान होतो. १३५ अंशांच्या कोपऱ्यात भिंतीपासूनच्या दर इंचामागे पाइप ०.४१ इंचानं आखूड होतो. ३ इंचाला सव्वा इंच. तुमच्या मधल्या पाइपला दोन्ही टोकांना कोपरा आहे, म्हणून अडीच इंच वजा, ७२ ऐवजी साडे ६९. कडेच्या पाइपांना एकेकच कोपरा, २७ मधून सव्वा इंच वजा. शिवाय जोडाची स्वतःची लांबी यातून कमी होते. जोड हातात आल्याशिवाय पाइप कापू नका.

ब्रॅकेट पाच. मधल्या पाइपला दोन्ही कोपऱ्यांपासून चार-पाच इंच आत एकेक आणि बरोब्बर मध्यावर एक, जिथं दोन पडदे भेटतात. कडेच्या पाइपांच्या बाहेरच्या टोकाला एकेक. कोपऱ्याच्या अगदी काठाला भोक पाडलं तर प्लास्टरचा टवका निघतो.

गड्ड्याचा_पाळणा:
ओव्हरसिअर साहेबांचं म्हणणं शंभर टक्के. आमच्याकडं आलेल्या फिटरनं भिंत मोजली आणि तेवढाच पाइप कापला. बसवताना पाइप मोठा. मग म्हणतो, तुमची भिंत वाकडी आहे. पुन्हा पाइप आणायला लावला, त्याचे पैसेही आमच्याकडूनच घेतले. हे माप आधी वाचलं असतं तर त्याला तोंडावर दाखवलं असतं.

पत्रातालीम_बॉय:
ताई पाइप घेताना ३०४ ग्रेडच्या स्टीलचा मागा, २०२ हलका ग्रेड. दुकानात लोहचुंबक घेऊन जावा, चिकटला तर २०२, नाय चिकटला तर ३०४.

हडपसर_व्हाया_सोलापूर:
हे चुकीचं आहे. २०२ आणि ३०४ दोन्हीला चुंबक सहसा चिकटत नाही. चिकटला तर तो वरून मुलामा दिलेला लोखंडी पाइप असण्याची शक्यता जास्त. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. २०२ मध्ये निकेल कमी करून मँगनीज वाढवलेलं असतं, म्हणून स्वस्त.

पत्रातालीम_बॉय:
माझ्या चुलत्याचं स्टीलचं दुकान हाय, ते असंच बघतेत.

निवृत्त_ओव्हरसिअर:
पडद्याच्या रॉडला हा वाद लागूच नाही. हॉलमध्ये पाणी उडत नाही, हवा कोरडी. २०२ पुरेसा आहे. वाचलेले पैसे ब्रॅकेटवर घाला. पातळ पत्र्याचे घेऊ नका, ओतीव घ्या.

कडकभाकरी:
मोटरला ब्रॅकेटची कटकटच नाही.

बाळीवेसकर:
चॅनललाही नाही. मी पहिल्यापासून तेच सांगतोय.

एमआयडीसी_शिफ्ट:
जोड कशाला हवा? अक्कलकोट रोडला फॅब्रिकेशनचं काम करणाऱ्याकडं जा, सलग पाइप वाकवून घ्या. पाइपात कोरडी वाळू ठासून भरतात आणि मग वाकवतात, त्यामुळं बाकाला चपटा होत नाही. गोलाई मोठी ठेवायला सांगा, आयलेट त्यावरून मऊ जातं.

निवृत्त_ओव्हरसिअर:
कल्पना चांगली, पण सलग साडेदहा फुटांचा वाकवलेला पाइप मधल्या आधाराशिवाय पुढं झुकतो. आधार दिला की पडदा तिथं अडला. मग वाकवून मिळवलं काय? माझं स्पष्ट मत असं की जोडच नको. तीन बाजूंना तीन वेगळे रॉड लावा, कोपऱ्याकडच्या टोकांना गोल नॉब न लावता सपाट टोपी लावा, नाहीतर दोन नॉब एकमेकांवर आदळतात. पडदे तसेही आपापल्या बाजूतच राहणार आहेत.

दिवाणखिडकी:
काका, मग कोपऱ्यात फट राहील ना? आमच्याकडं चारनंतर ऊन तिरपं येतं, नेमकं सासूबाईंच्या तोंडावर येईल.

निवृत्त_ओव्हरसिअर:
फट राहील, दोन-अडीच इंचांची. खरं आहे.

शेंगाचटणी:
फटीवर माझ्याकडं उपाय आहे. रॉड जोडलेला असेल तर मधल्या पडद्याची शेवटची एक रिंग ब्रॅकेटच्या पलीकडं, कोपऱ्याच्या बाजूला घालायची. बाकीचा पडदा अलीकडं सरकतो, ती एक रिंग तिथंच राहते आणि कापड कोपरा झाकतं. पडदा ओढताना टोकही निसटून येत नाही. साध्या खिडकीलाही मी असंच करते. आणि रिंगा मोजून बघा, सम संख्येत असल्या तर दोन्ही कडा भिंतीकडं वळतात. विषम असल्या तर एक कड खोलीत डोकावते.

उन्हाळी_सोलापूर:
इतकं सगळं लिहिलंत पण मूळ प्रश्न उन्हाचा आहे. एप्रिल-मे मध्ये पारा ४० च्या वर. ऊन काचेच्या आत आलं की पडद्यानं अडवूनही खोली तापते, कारण उष्णता आत आलेलीच असते. बाहेरून बांबूची चिक सोडा. आमच्या आजोबांच्या वाड्यात वाळ्याचे पडदे होते, पाणी मारलं की थंडगार.

गड्ड्याचा_पाळणा:
वाळ्याला मारायला पाणी रोज येतंय कुठं आपल्याकडं? टाकी भरून ठेवायची ती प्यायला आणि धुण्याला.

उन्हाळी_सोलापूर:
म्हणून तर चिक म्हटलं. चिकेला पाणी लागत नाही.

नवीन_सभासद_सोलापूर:
सगळे प्रतिसाद वाचले नाहीत. कोणी चॅनल सुचवला का? आमच्याकडं चॅनल आहे, मस्त चालतो.

दिवाणखिडकी:
सगळ्यांचे मनापासून आभार. काम झालं, म्हणून कळवते.

चॅनल नाही केला. पडदे कापायचे नव्हते आणि सासूबाईंना रिंगांचा स्टीलचा रॉडच आवडतो. तीन वेगळे रॉडही नाही केले, कारण फट नको होती. कोन बदलणारे दोन जोड ऑनलाइन मागवले, सलग रॉड केला. ओव्हरसिअर काकांचे पुठ्ठे केले, तर डावा कोपरा आणि उजवा कोपरा खरंच सारखे निघाले नाहीत. फिटर भिंतीच्या मापानं पाइप कापायला निघाला होता. त्याला काकांचा हिशोब दाखवला, त्यानं आधी ऐकलं नाही, मग जमिनीवर पुठ्ठे आणि जोड मांडून दाखवलं तेव्हा पटलं. वर लिंटेलचं (खिडकीवरच्या तुळईचं) काँक्रीट आहे, हॅमर ड्रिल लागलं. एका ठिकाणी सळई लागली, तिथं जोर न करता भोक इंचभर सरकवलं.

शेंगाचटणी ताईंची रिंगेची युक्ती दोन्ही कोपऱ्यांत वापरली, तिरपं ऊन आत येत नाही. ओतीव ब्रॅकेटसह सगळं ३००० च्या आत झालं. चिक पुढच्या महिन्यात बघते. अण्णा, बेडरूमचे पडदे अजून व्हायचे आहेत, तिथं सरळ खिडकी आहे, तुमचं कापड तिथं नक्की बघणार.

टेक्सटाईल_अण्णा:
अक्का, लय बरं वाटलं. बेडरूमच्या खिडकीचं माप कळवा, शिलाईची दुमड धरून किती कापड लागेल ते मी सांगतो.

बाळीवेसकर:
आयलेट रोज ओढून स्टीलवर ओरखडे येतात. दोन वर्षांनी चॅनलच लावाल.

ओट्यावरची:
ताई, आमच्या खिडकीला पाच बाजू आहेत, म्हणजे चार कोपरे. हेच जोड चालतील का? आणि ०.४१ चा हिशोब तिथंही लागू?

निवृत्त_ओव्हरसिअर:
जोड चालतील, हिशोब तोच राहणार नाही. कोपरा जितका उघडा तितकी घट कमी. १५० अंशांचा कोपरा असेल तर इंचामागे ०.२७ धरा. आधी चारही कोपऱ्यांचे पुठ्ठे करा आणि कोन कळवा, मग प्रत्येक तुकड्याचं माप काढून देतो.