मदत हवी आहे : कॉलममध्ये पोकळ्या निघाल्यात, गुत्तेदार म्हणतो "गिलाव्यात झाकून जातंय"

नमस्कार मंडळी. लांबलचक झालंय, पण वाचा. सोमवारी गिलाव्याचे लोक येणार आहेत, त्याआधी मला काहीतरी ठरवायचंय.

औशाच्या बाहेर माझा 30 बाय 40 चा प्लॉट आहे. त्यावर साडेनऊशे फुटांचं तळमजल्याचं घर बांधायला घेतलंय. काम मटेरियलसकट दिलंय, 1,650 रुपये फुटानं. आजवर 8 लाख देऊन झालेत. गुत्तेदार मामांच्या साडूंच्या ओळखीतला, त्यामुळे करारनामा म्हणावा असा काही नाहीच. वहीच्या एका पानावर दर आणि हप्ते लिहिलेत, खाली दोघांच्या सह्या. लोखंडाचं ड्रॉइंग तेवढं लातूरच्या इंजिनिअरकडून रीतसर पैसे देऊन काढून घेतलं. ते साइटवर दोनदाच आले, एकदा आखणीला आणि एकदा पायाला.

पाया चांगला झालाय. आमचं काळं रान, पावसाळ्यात फुगतं आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. आबा (माझे वडील) खड्ड्यापाशी बाज टाकून बसले आणि मुरूम लागेपर्यंत खोदायला लावलं. साडेसहा फुटांवर लागला. नंतर आबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, माझ्या शाळेच्या परीक्षा सुरू झाल्या, आणि साइटवर बघायला कुणीच उरलं नाही. कॉलम आणि स्लॅब त्याच दिवसांतले.

परवा रविवारी सकाळी गेलो, तर स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातल्या कॉलमवर खालून दीड फुटापर्यंत ओल्या सिमेंटचा ताजा हात मारलेला. बाकी कॉलम करडा आणि तेवढाच पट्टा काळपट. सहज स्कूटीच्या चावीनं टोकरलं तर पापुद्रा निघून आला. आत नुसती खडी, खडीला खडी टेकलेली, मध्ये सिमेंट नाही की काही नाही. चावी मुठीपर्यंत आत गेली आणि टक्कन लोखंडाला लागली. बाकीचे कॉलमही टोकरून पाहिले. नऊपैकी तिघांत हाच प्रकार, सगळा जोत्याच्या लगेच वर.

गुत्तेदाराला तिथूनच फोन लावला. म्हणाला, "सर, तुम्ही उगं ताण घ्यायलाव. समद्याच कॉलमला असतंय असं. गिलाव्यात झाकून जातंय. तेवढं दोन लाखाचं बगा, गवंड्यांना उचल द्यायचीय."

मग मोबाइलमधले जुने फोटो काढून बसलो. ड्रॉइंगमध्ये कॉलमच्या रिंगा (उभ्या सळ्यांभोवती बांधतात त्या) 6 इंचांवर, बीमजवळ 4 इंचांवर. फोटोत एका कॉलमशेजारी टेप लटकतोय, त्यावरून मोजलं तर सरसकट 9 इंच. रिंगांची टोकं आत वळवलेली नाहीत, नुसती काटकोनात दाबलेली. स्लॅब 5 इंच ठरला होता, जिन्याच्या कडेला मोजला तर सव्वाचार भरला.

आता माझी चूकही लिहितो, नाहीतर तुम्ही विचारालच. स्लॅब 12 एप्रिलला पडला. ऊन तुम्हाला माहीतच आहे. बोअर आटलेला, पाणी टँकरचं. दोन दिवस क्यारे करून पाणी भरलं, तिसऱ्या दिवशी गुत्तेदार म्हणाला संध्याकाळी पाइपनं मारलं तरी चालतंय, आणि टँकरचे पैसे वाचतात म्हणून मीच मान डोलावली. 11 व्या दिवशी त्यानं सेंट्रिंग काढून नेलं, दुसऱ्या साइटवर पत्रे कमी पडत होते म्हणे.

आबांना अजून सांगितलेलं नाही. 30 सप्टेंबर 1993 ला ते किल्लारीला बहिणीकडं होते. अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून लोक झोपले आणि पहाटे चारच्या सुमाराला दोन-दोन फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती माळवदासकट अंगावर आल्या. आत्या गेली, आबा अंगणात झोपले होते म्हणून वाचले. तेव्हापासून त्यांचं एकच, घर बांधायचं तर कॉलमचं. आणि आता कॉलमच असले.

विचारायचं ते असं. हे कॉलम दुरुस्त होतात का, की पाडावे लागतात? स्लॅबमध्ये काय दडलंय ते कसं कळणार? दोन लाख अडवून धरले आणि तो काम सोडून गेला तर? बँकेचा माणूस हप्ता सोडायच्या आधी येऊन गेला, पण त्यानं स्लॅब पडलाय एवढा फोटो काढला आणि चहा पिऊन गेला.

– माळवद

---

गोदाकाठ : दादा, पहिलं काम, गिलावा थांबवा. आजच. फोनवर नको, व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा की कॉलम तपासल्याशिवाय गिलावा करायचा नाही. मी नांदेडला स्ट्रक्चरची कामं करते, असले कॉलम महिन्याला एक तरी बघते.

पोकळ्या खालीच का, तर त्यांनी माल वरून, म्हणजे नऊ-दहा फुटांवरून टाकला असणार. दीड मीटरपेक्षा उंचावरून टाकला की खडी आधी खाली जाते, मसाला वर राहतो. निडल व्हायब्रेटर (माल हलवून दाबून बसवायचं यंत्र) घातला नसेल, बाहेरून हातोडीनं ठोकलं असेल. शिवाय फर्म्याच्या बुडाशी फट राहिली की तिथून सिमेंटचं पाणी निथळून जातं. पोरं तिथं सिमेंटच्या पोत्याचा कागद कोंबतात. टोकरताना कागद निघाला का?

दुसरं, बीमची सेंट्रिंग 11 दिवसांत काढायला नको होती. स्लॅबचा गाळा (दोन आधारांमधलं अंतर) साडेचार मीटरच्या आतला असेल तर टेकू 7 दिवसांनी काढलेले चालतात, पण बीमला निदान 14 दिवस हवेत, आणि तेही क्युरिंग (काँक्रीट पाण्यानं ओलं ठेवणं) नीट झालेलं असेल तर. उद्याच बीमखाली टेकू परत लावा. जॅकनं वर रेटायचं नाही, नुसते टेकतील असे लावायचे. स्लॅबवर विटांचा ढीग असेल तर उतरवा.

पाडायला लागेल असं लगेच म्हणणार नाही. किती खोल आहे त्यावर आहे. सैल खडी सगळी छिन्नीनं काढायची, टणक काँक्रीट लागेपर्यंत. पोकळी लोखंडाच्या पुढेच असेल तर न आकसणारा ग्राउट (सिमेंटचा पातळ तयार मसाला) किंवा मायक्रोकाँक्रीट (बारीक खडीचं काँक्रीट) फर्मा बांधून ओततात. लोखंडाच्या मागे गेली असेल तर कॉलमला जॅकेट (भोवतीनं नवं लोखंड-काँक्रीट) करायचं का ते बघावं लागेल. पण एका वेळी एकच कॉलम, आणि आधी वरचा भार टेकूंवर घेऊन. हे गवंड्याच्या भरवशावर करायचं काम नाही. सिमेंट-वाळूचा लेप लावून तर मुळीच नाही, तो त्यानं लावलाच होता की.

रिंगांचं मला जास्त लागलंय. भूकंपात कॉलम फुटायला लागतो तेव्हा आतलं काँक्रीट रिंगाच धरून ठेवतात. काटकोनी टोकं तेव्हा उघडतात, म्हणून 135 अंशांत वळवून आत घालायची असतात. ड्रॉइंग करणाऱ्या इंजिनिअरना ते फोटो दाखवा.

हुरडा : मी परभणीचा. माझंही घर असंच, म्हणून एक विचारतो. जोत्याची भराई कशानं केली? आमच्या गुत्तेदारानं पायातून निघालेली काळीच माती परत आत ढकलली. मुरुमाचे पैसे लावले ते लावलेच. दुसऱ्या पावसाळ्यात हॉलमधली फरशी मधोमध उचलली, कपाटाचं दार घासायला लागलं. सगळी फरशी काढून परत मुरूम भरला, थर-थर देऊन, पाणी मारून, धुम्मस करून. फरशी बसवायच्या आधी एका खोलीत दोन फूट खड्डा घेऊन बघाच. पाच मिनिटांचं काम आहे.

आणि मामांच्या साडूंना मध्ये घेऊ नका. मी घेतलं होतं. घर राहिलं बाजूला, लग्नात कुणी कुणाला आहेर केला नाही इथपर्यंत गेलं.

पाटपाणी : रेराकडे (बिल्डरांवर देखरेख करणारं सरकारी प्राधिकरण) तक्रार टाका, पाच वर्षांची जबाबदारी असते.

काळा_कोट : नसते. ती बिल्डरनं विकलेल्या घराची. स्वतःच्या प्लॉटवर गुत्ता देऊन बांधलेलं घर रेरात येत नाही. तुमचा रस्ता ग्राहक आयोगाचा. 2019 च्या कायद्यात घरबांधणी ही सेवा धरलीय, काम 50 लाखांच्या आतलं, म्हणजे जिल्हा आयोग, लातूरलाच. मुदत दोन वर्षं. वहीचं पान, सह्या, फोनवरून पाठवलेल्या पैशांची नोंद, फोटो, हे सगळं पुरावाच आहे, करारनामा नाही म्हणून घाबरू नका. पण आयोग घर दुरुस्त करून देत नाही, त्याला वेळ लागतो. आधी इंजिनिअरचा लेखी अहवाल हातात घ्या, मग गुत्तेदाराला नोटीस. हप्ता "देत नाही" असं लिहू नका. "अहवालाप्रमाणे दुरुस्ती झाल्यावर देतो" असं लिहा. फरक आहे.

माळवद : सगळ्यांचे आभार. ताई, कागद निघाला. पोत्याचा निळा तुकडा, अर्धा काँक्रीटमध्ये रुतलेला. फोटो काढून ठेवलाय. हुरडा, खड्डा घेतला. वर चार बोटं मुरूम, खाली काळी.

स्लॅबचं कसं तपासायचं ते राहिलं. एक जण म्हणाला हातोडीसारखं यंत्र असतं.

गोदाकाठ : रिबाउंड हॅमर. स्वस्त आहे, पटकन होतं, पण तो फक्त वरच्या कातडीचा टणकपणा सांगतो, आकड्यात 25 टक्के इकडंतिकडं धरायचं. कुठला भाग कमजोर आहे ते शोधायला ठीक. आतल्या पोकळ्यांसाठी अल्ट्रासोनिक चाचणी. त्यातही शंका राहिली तर कोर (स्लॅबमधून कापून काढलेले काँक्रीटचे गोल तुकडे) काढून दाबून बघायचे, तीन तरी. तुमच्या ड्रॉइंगवर एम 20 (म्हणजे काँक्रीटची ताकद 20 न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर) असेल तर तिन्हींची सरासरी 85 टक्के, म्हणजे 17 च्या वर हवी आणि एकही 15 च्या खाली नको. आता 20 दिवस झालेत, 28 होऊ द्या. जवळपासच्या शासकीय इंजिनिअरिंग किंवा पॉलिटेक्निक कॉलेजात चौकशी करा, अशा ठिकाणी पैसे भरून चाचण्या करून देतात आणि तो कागद कुणी नाकारत नाही.

क्युरिंग परत सुरू करा. उशीर झालाय, पण अगदी फुकट जात नाही. क्यारे करा, पाणी तुंबवा. उरलेल्या कामाला मिक्सरवर पाइप धरू देऊ नका, पोत्यामागे 25 लिटरच्या आसपास, बादलीनं मोजून. माल पातळ केला की पोरांचे हात दुखत नाहीत, म्हणून ओततात.

माळवद : आज दुपारी टँकर बोलावला. इंजिनिअर साहेब शुक्रवारी येतायत, फोटो बघून फोनवर बराच वेळ काही बोललेच नाहीत. गुत्तेदाराला वकील साहेबांनी सांगितलं तसंच लिहून पाठवलं. निळ्या दोन टिका आल्या, उत्तर नाही. संध्याकाळी मामांचा फोन येऊन गेला, मी उचलला नाही.

आबांना सांगावंच लागलं. डोळ्याला हिरवी पट्टी, तरी म्हणाले मला तिथं ने. कॉलमजवळ जाऊन त्यांनी पोकळीत बोट घातलं, आतली खडी चाचपली आणि एक खडा काढून खिशात टाकला. मग म्हणाले, बाज आणून टाक इथं. आता ते रात्रीही तिथंच झोपायचं म्हणतात, अंगणात, स्लॅबखाली नाही.

ताई, एकच राहिलं. टेकू मी इथल्या सेंट्रिंगवाल्याकडून भाड्यानं घेतोय. लोखंडीच हवेत, की बल्ल्या चालतील? तो बल्ल्याच देतो म्हणतोय.

गोदाकाठ : लोखंडी. बल्ली सरळ नसते आणि खाली पाचर मारून उंची जुळवतात, पाचर सुटली की संपलं. खाली फळी टाका, जोत्यातली काळी माती आता क्युरिंगच्या पाण्यानं भिजणार आहे, टेकू रुततील. आणि आबांची बाज जिन्यापासून लांब टाका.