वक्तृत्व स्पर्धा: 'राष्ट्राध्यक्षांची पत्नी: भाषणे आणि लोककार्य', सात मिनिटांत काय घ्यावं?

डिचोलीच्या_बाई

नमस्कार मंडळी. तालुक्याच्या आंतरशालेय मराठी वक्तृत्व स्पर्धेत नववी-दहावीच्या गटाला वरचा विषय आला आहे. वेळ 7 मिनिटं, सहाव्या मिनिटाला पहिली घंटा. हातात कागद चालणार नाही. विद्यार्थिनीने अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट निवडल्या आहेत. पहिल्या खर्ड्यात जन्म, पोरकं बालपण, लग्न, संयुक्त राष्ट्रांचा मानवी हक्कांचा जाहीरनामा, मग मिशेल ओबामांची भाजीची बाग, सविता कोविंद यांनी शिवलेले मास्क आणि शेवटी जिजाऊ-सावित्रीबाई असं सगळं भरलं आहे. ऐकल्यावर लक्षात काहीच राहत नाही.

एलिनॉर यांचं नेमकं कोणतं भाषण घ्यावं? भाषणाला कोणतं काम जोडावं? आणि परीक्षक हमखास पकडतील अशा चुका कोणत्या?

पाटोचा_वाचक

बाई, आधी खर्ड्यातला जाहीरनामा बाजूला काढा. तो कमी मोलाचा आहे असं नाही, तारखा जुळत नाहीत. फ्रँकलिन रूझवेल्ट 12 एप्रिल 1945 ला वारले. त्यांच्यानंतरचे राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी एलिनॉरना संयुक्त राष्ट्रांच्या शिष्टमंडळावर नेमलं ते त्या वर्षीच्या डिसेंबरात. जाहीरनामा पॅरिसला मंजूर झाला 10 डिसेंबर 1948 ला: बाजूने 48, विरोधात एकही नाही, तटस्थ 8. म्हणजे तेव्हा त्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी राहिल्या नव्हत्या. विषयाच्या शब्दांवर बोट ठेवणारा परीक्षक इथेच गुण कापणार.

घ्यायचाच झाला तर शेवटच्या अर्ध्या मिनिटात, 'हे पद गेल्यानंतरचं काम' असं सरळ सांगून घ्या. आणि मग भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहतांना वगळू नका. पहिल्या कलमात 'ऑल मेन' होतं, त्याचं 'ऑल ह्यूमन बीइंग्ज' झालं ते त्यांनी धरलेल्या आग्रहामुळे. एलिनॉरचं मत होतं की 'मेन' म्हटलं की त्यात बायका आल्याच. मुलीच्या तोंडी हा तपशील शोभून दिसेल.

पदावरच्या बारा वर्षांतलं माझ्या मते सर्वांत चांगलं भाषण 18 जुलै 1940 चं, शिकागोचं. डेमोक्रॅटिक पक्षाचं अधिवेशन. रूझवेल्टना तिसऱ्यांदा उमेदवारी मिळाली होती, पण उपाध्यक्षपदासाठी त्यांनी हेन्री वॉलेस यांचं नाव पुढे केलं म्हणून सभागृह खवळलेलं. राष्ट्राध्यक्ष स्वतः वॉशिंग्टनमध्येच, एलिनॉरना विमानाने बोलावून घेतलेलं. तोवर कुठल्याही राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीने पक्षाच्या राष्ट्रीय अधिवेशनात भाषण केलं नव्हतं.

भाषण जेमतेम काही मिनिटांचं आहे, म्हणून मुलीला बांधणी शिकवायला सोयीचं. सुरुवात पक्षाध्यक्ष जिम फार्ली यांच्या कौतुकाने. फार्लींना स्वतःला उमेदवारी हवी होती आणि ते दुखावलेले होते, तेव्हा ज्याला सर्वांत जास्त लागलं आहे त्याला आधी मान दिला. मग एकच मुद्दा: हा काळ नेहमीसारखा नाही (युरोपात युद्ध सुरू होतं, फ्रान्स नुकताच पडला होता), निवडून येणाऱ्याला नेहमीसारखा प्रचार करता येणार नाही, ओझं सगळ्यांनी मिळून उचलायचं आहे. विनवणी नाही, दटावणीही नाही. हे ऐकून सभागृह शांत झालं. 'नो ऑर्डिनरी टाइम' हे शब्द इंग्रजीत एकदाच म्हणून लगेच मराठीत सांगू दे, दोनदा नको.

आवाजाबद्दल एक ओळ जरूर ठेवा, मुलांना ती आपली वाटते. एलिनॉरचा आवाज मुळात पातळ. घाबरल्या की वरच्या पट्टीत जायचा आणि नको तिथे हसू फुटायचं. 1920 च्या दशकात रूझवेल्टचे सहकारी लुई हाउ सभेत मागे बसून ऐकत आणि नंतर एकेक चूक काढत. त्यांचा धडा असा: सांगण्यासारखं काही असेल तर ते सांगायचं आणि खाली बसायचं. गोव्यातल्या निम्म्या सत्कार समारंभांना हा धडा उपयोगी पडेल, पण ते असो.

आता चुका. रूझवेल्ट हे त्यांचं माहेरचंच आडनाव. त्या आधीचे राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्या पुतणी, 1905 च्या लग्नात त्यांचा हात त्याच काकांनी नवऱ्याच्या हाती दिला. 'लग्नानंतर रूझवेल्ट झाल्या' असं वाक्य असेल तर खोडा. दुसरी चूक मेरियन अँडरसन या कृष्णवर्णीय गायिकेच्या प्रसंगाची. 'डॉटर्स ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशन' या संस्थेने सभागृह नाकारलं म्हणून एलिनॉर यांनी फेब्रुवारी 1939 मध्ये सदस्यत्वाचा राजीनामा दिला, हे खरं. पण 9 एप्रिलला लिंकन स्मारकापाशी 75,000 लोकांपुढे गाणं झालं तेव्हा तिथे त्यांनी भाषण केलं नाही. त्या तिथे नव्हत्याच. आपल्या 'माय डे' या स्तंभात राजीनाम्याबद्दल लिहिताना त्यांनी संस्थेचं नावही घेतलं नव्हतं. खर्ड्यात 'हजारोंसमोर त्या गरजल्या' वगैरे असेल तर ते आधी काढा.

अबोली_म्हापसा

कामाची बाजू मी सांगते. आर्थरडेल घ्या. वेस्ट व्हर्जिनियातल्या बेकार खाणकामगारांसाठी सरकारने वसवलेलं गाव, 165 घरं. 1933 च्या ऑगस्टमध्ये एलिनॉर त्या भागातल्या खाणकामगारांच्या झोपड्या बघून आल्या आणि योजनेच्या मागे लागल्या. डिचोली-सत्तरीत खाणी बंद पडल्यावर घराघरांत काय होतं हे ऐकणाऱ्यांना वेगळं समजावून द्यावं लागणार नाही.

पण हे काम फसलं कुठे, तेही सांगा. घाईत मागवलेली पहिली 50 तयार घरं समुद्रकाठच्या उन्हाळी मुक्कामासाठी केलेली, भिंती पातळ, तिथल्या डोंगरी थंडीला कुचकामी. त्यात पाया आधीच घातलेला आणि घरं त्यावर बसेनात. पुन्हा तोडफोड, खर्च वाढला, वर्तमानपत्रांना आयतं खाद्य मिळालं. रोजगारासाठी टपाल खात्याचं सामान बनवणारा कारखाना आणायचं ठरलं होतं, ते अमेरिकेच्या संसदेने (काँग्रेसने) अडवलं. खाजगी कारखाने आले आणि टिकले नाहीत. तिथे राहायला आलेल्यांनी कृष्णवर्णीय कुटुंबं नकोत असं ठरवलं, तेही एलिनॉरना बदलता आलं नाही. निव्वळ गुणगान करणाऱ्या दहा भाषणांत हे एक उठून दिसेल.

पत्रकार परिषदा एका वाक्यात बसतात: 6 मार्च 1933, शपथविधीनंतर दोनच दिवसांनी, आत फक्त स्त्री-पत्रकार. बातमी हवी असेल तर वृत्तपत्राला निदान एक बाई नोकरीवर ठेवणं भाग पडलं.

भंगारअड्डा_हटाव

सगळे एलिनॉरच घेणार हो. त्या गटात पंधरा मुलं असली तर आठ जणांच्या तोंडी त्याच. लेडी बर्ड जॉन्सन का नको? राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या पत्नी, 1963 ते 1969. भाषण आणि काम दोन्ही एकाच बाईत सापडतं, आणि काम आपल्या रस्त्यावरचं आहे.

भाषणं अशी. 2 जुलै 1964 ला जॉन्सननी वंशभेदाविरुद्धच्या नागरी हक्क कायद्यावर सही केली आणि दक्षिणेकडची गोरी मतं बिथरली. निवडणूक नोव्हेंबरात. ऑक्टोबरच्या 6 ते 9 तारखांना लेडी बर्ड खास आगगाडीने अलेक्झांड्रियाहून न्यू ऑर्लीन्सला गेल्या: आठ राज्यं, 1,682 मैल, 47 भाषणं. गाडी थांबायची, शेवटच्या डब्याच्या सज्जातून बोलायचं, पुढचं स्टेशन. निघण्यापूर्वी त्यांनी त्या राज्यांतल्या गव्हर्नरांना आणि सिनेटरांना स्वतः फोन केले, 'तुमच्या राज्यात येते आहे' म्हणून. कुणी सबबी सांगितल्या, कुणी आले. साउथ कॅरोलायनात आरडाओरडा झाला तेव्हा त्यांनी हात वर करून, आवाज न चढवता सांगितलं की तुमचं मत तुम्हाला मांडता येतं, आता माझी पाळी. त्या स्वतः दक्षिणेच्या वळणाच्या बोलीत बोलायच्या, ते कामी आलं. निकाल मात्र खरा सांगा: त्या आठांपैकी जॉन्सनना व्हर्जिनिया, नॉर्थ कॅरोलायना आणि फ्लोरिडा ही तीनच मिळाली.

शाळेत असताना याच बाईंना पहिला क्रमांक नको होता, कारण पहिल्या आलेल्याला निरोपाचं भाषण करावं लागे.

काम म्हणजे 22 ऑक्टोबर 1965 चा महामार्ग सुशोभीकरण कायदा. 'सुशोभीकरण' हा शब्द लेडी बर्डना स्वतःला आवडत नसे, नटवण्या-मुरडण्याचा वाटे. आपल्याकडच्या 'सर्कलचं सुशोभीकरण'ची पाटी बघून कुणालाही पटेल. कायद्यात तीन गोष्टी: जाहिरात फलक, भंगारअड्डे आणि झाडं-फुलं. रस्त्याच्या हद्दीपासून 660 फुटांच्या (सुमारे 200 मीटर) आत फलकांवर नियंत्रण. जे राज्य पाळणार नाही त्याचा केंद्राकडून येणारा महामार्ग निधी 10 टक्के कापायचा.

डिचोलीच्या_बाई

हे डोक्यात नव्हतं. मुलीला दाखवलं, तिला रेल्वे आवडली. पण कायद्याचा भाग सात मिनिटांत रुक्ष होईल ना? आणि त्या कायद्याने फलक खरंच गेले का?

भंगारअड्डा_हटाव

थोडे गेले, बरेच राहिले. कारणं तीन आणि तिन्ही मुलीला समजतील अशी. व्यापारी आणि औद्योगिक पट्ट्यांना सूट होती, तेव्हा ज्याला फलक लावायचा त्याने तो तिथे लावला. दुसरं, जुना फलक काढायला लावायचा तर मालकाला भरपाई द्यायची होती, तिचा 75 टक्के वाटा केंद्राचा. पैसे पुरले नाहीत, फलक उभेच राहिले. तिसरं सर्वांत गमतीचं: 660 फुटांची रेषा आखून दिली म्हटल्यावर धंदेवाल्यांनी रेषेच्या पलीकडे, शेतात, दुरून वाचता येतील असे अजस्र फलक उभारले. म्हणून दहा वर्षांच्या आत दुरुस्ती करून शहराबाहेर 660 फुटांपलीकडचे फलकही कायद्याखाली आणावे लागले.

रुक्ष होऊ नये म्हणून कलमं सांगायची नाहीत. आपल्या गोव्यातला पत्रादेवी ते पोळे महामार्ग डोळ्यांपुढे आणायचा: माडाला खिळ्याने ठोकलेली क्लासची पाटी, वळणावरचं होर्डिंग, पत्रे मारलेला भंगारअड्डा. एवढ्या तीन वस्तू बोलून 'साठ वर्षांपूर्वी एका बाईने हेच बघितलं' म्हणून अमेरिकेत जायचं. परत यायची गरज नाही, ऐकणारे आपोआप येतात.

वॉशिंग्टन शहरातल्या कामातून एकच गोष्ट घ्या. लेडी बर्डच्या समितीत वाद होता: फुलं पर्यटक येतात त्या स्मारकांपाशी लावायची की गरीब वस्त्यांतल्या शाळांच्या आवारात? पैसे दोन्हीकडे गेले, पण छायाचित्रं स्मारकांचीच छापून आली.

पाटोचा_वाचक

हरकत नाही, लेडी बर्ड चालतील, रेल्वेचा प्रवास बोलायला बराच सोपा. मग एलिनॉर एका वाक्यापुरत्या ठेवा, दोन बायकांची तुलना करत बसू नका. सात मिनिटांत दोन्ही अर्धवट राहतील.

मास्तर_पेडणे

शब्दांचं बघा. अमेरिकेसाठी 'राष्ट्राध्यक्ष', भारतासाठी 'राष्ट्रपती'. मुलं एकाच वाक्यात दोन्ही मिसळतात. 'प्रथम महिला' हे घटनेतलं पद नाही, ना तिकडे ना इकडे. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षांच्या जोडीदाराला कामासाठी कर्मचारी मिळण्याची कायदेशीर तरतूद 1978 मध्ये झाली. भारतात प्रतिभाताई पाटील 2007 ला राष्ट्रपती झाल्या तेव्हा 'पत्नी' हा शब्दच अडला. हवं तर ही एक ओळ टाका, हशा मिळेल. सविता कोविंद यांचे मास्क मात्र काढा, वेगळा विषय होतो. जिजाऊ-सावित्रीबाईंचा इथे संबंधच नाही, त्या प्रत्येक भाषणाच्या शेवटी येतात म्हणून गुणही मिळत नाहीत.

वेळेचा हिशेब: कागदाशिवाय, थांबे घेत बोलणारी मुलगी मिनिटाला 105 ते 115 शब्दांच्या पुढे जाऊ नये. म्हणजे पाठ करायला 700 शब्द, 800 नाहीत. त्यातले साधारण 80 पाट्या-होर्डिंगला, 300 रेल्वेला, 220 कायद्याला आणि तो कुठे फसला याला, उरलेले 100 सुट्या ओळींना. पहिली घंटा वाजते तेव्हा ती 660 फुटांपलीकडच्या फलकांवर असली पाहिजे. घंटेने लय तुटते, म्हणून त्या जागी गमतीचं वाक्य असलेलं बरं. आकडे चारच ठेवा: 47 भाषणं, आठ राज्यं, त्यातली तीन जिंकली आणि 660 फूट. 1,682 मैल तोंडात अडखळतं. 'सतराशे मैलांच्या आसपास' म्हणू दे.

डिचोलीच्या_बाई

देव बरें करूं. नवा खर्डा 712 शब्दांवर आहे, बारा शब्द कुठले काढायचे ते बघते. बहुतेक 'सन्माननीय व्यासपीठ'पासून सुरुवात करते.